स्केल मॉडेलवर ग्लॉस क्लिअर कोट: विदर्भाच्या हवेत, पायरीपायरीने

क्लिअर कोट, म्हणजे रंगावर मारायचा पारदर्शक थर, बिघडला की पहिला संशय बाटलीवर जातो. मग दुसऱ्या कंपनीची बाटली मागवतात, तालुक्याच्या कुरिअरवाल्याकडे चकरा मारतात, आणि तीही तशीच बिघडते. आपल्या भागातल्या पोरांच्या मॉडेलवर बिघाड पाहिले तर ते त्याच चार जातींचे असतात. मे महिन्यात दुपारी मारलेला खरखरीत कोट, श्रावणात पांढुरका पडलेला कोट, कापूस घरात आल्यावर मारलेला तंतूंनी भरलेला कोट आणि बारमाही दिसणारा चौथा, म्हणजे खालचा रंग पुरता वाळायच्या आत उरकून घेतलेला. चारही ठिकाणी बाटली बिचारी निर्दोष असते. तास चुकलेला असतो, नाहीतर थांबायचं राहिलेलं असतं.

पुढचं सगळं १:२४ च्या, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाच्या, गाडीची बॉडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण चूक सगळ्यात आधी तिच्यावर दिसते. विमानासाठी जिथे वेगळं करायचं तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: चकाकी कशासाठी हवी ते ठरवा

ग्लॉस दोन कामांसाठी मारतात आणि दोन्ही कामांची जाडी वेगळी.

शेवटी मॅट होणारं विमान किंवा रणगाडा असेल तर ग्लॉस फक्त डिकलसाठी, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रासाठी, असतो. मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. त्यावर डिकल ठेवलं की खाली हवा अडकते आणि वाळल्यावर डिकलची पारदर्शक कड चांदीसारखी चमकते. ते टाळायला दोन-तीन पातळ थर पुरतात. हात लावल्यावर गुळगुळीत लागलं की थांबा. आरसा करायच्या नादात चार-पाच थर चढवले तर १:७२ च्या विमानाच्या पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या बारीक खाचा, बुजून जातात आणि नंतर वॉश (खाचांत उतरवायचा पातळ गडद रंग) मारायला जागाच उरत नाही.

गाडीचं काम उलटं. तिथे क्लिअरखाली डिकलच्या कडा बुडवायच्या असतात, वर वॉटर पेपरने घासायचं असतं, म्हणजे घासून जाईल एवढी जाडी आधी चढवावी लागते. त्यामुळे गाडीसाठी तीन-चार थर धरूनच चाला.

टप्पा २: क्लिअर निवडा, पण आधी खालचा रंग आठवा

बाजारात मिळणाऱ्या क्लिअरची वर्गवारी कामापुरती अशी:

लॅकर: टामियाचा टीएस-१३ स्प्रे कॅन, टामियाची एलपी-९ बाटली, मिस्टर कलरचा जीएक्स१०० सुपर क्लिअर III. कडक होतो, छान घासला जातो, चकाकी सगळ्यात खोल. वास तीव्र आणि सॉल्व्हंट जहाल.

अल्कोहोलवर चालणारा ॲक्रिलिक: टामियाचा एक्स-२२. मवाळ आहे, डिकलला सहसा त्रास देत नाही. पुरता वाळला तर पॉलिशही होतो, फक्त वेळ जास्त घेतो.

पाण्यावर चालणारे वॉर्निश: वॅलेहो आणि तत्सम. डिकलच्या आधीच्या थराला ठीक. गाडीवर मी वापरत नाही. थर मऊ राहतो आणि घासायला गेलं की सालपट निघतं.

टू-के म्हणजे हार्डनर घालून मारायचा युरेथेन: मोटारसायकल रंगवणारे हाच मारतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते छातीत गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. घरात, तेही पोरंबाळं असलेल्या घरात, हा मारायचा नाही. १:२४ च्या गाडीला लॅकर पुरेसा आहे.

आता खालचा रंग. लॅकर रंगावर लॅकर क्लिअर चालतो. पुरत्या वाळलेल्या कुठल्याही रंगावर एक्स-२२ सारखा मवाळ ॲक्रिलिक चालतो. ॲक्रिलिक रंगावर लॅकर मारायचा असेल तर पहिले दोन थर अगदी कोरडे, धुक्यासारखे मारावे लागतात. आणि इनॅमलवर, म्हणजे आपल्या बोलीत ऑइल पेंटवर, लॅकर मारायचाच नाही. वरचं सॉल्व्हंट खालच्या इनॅमलला फुगवतं आणि सगळा रंग सुरकुततो. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला ऑइल पेंट देऊन वर चमक यावी म्हणून लॅकरचा कॅन मारणारे दरवर्षी भेटतात. नंदीच्या वशिंडावर जी सुरकुत्यांची जाळी उठते ती याचीच. नंदीला ऑइल पेंटच्याच जातीचं वॉर्निश द्या.

*सावधान:* तालुक्याच्या रंगाच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर क्लिअरमध्ये मिसळू नका. दुकानदार म्हणेल, "गाडीले हेच मारतो भाऊ, प्लास्टिकले काई होत नाई." तो खोटं बोलत नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर मोटारसायकलचं जाड साइड कव्हर असतं, ते वेगळ्या प्लास्टिकचं असतं आणि त्यावर प्रायमरचा जाड थर असतो. किटची बॉडी पातळ पॉलिस्टायरीनची आहे आणि एनसी थिनर तिला विरघळवतो. तो एअरब्रशची (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या गनची) भांडी धुवायला ठेवा, त्या कामाला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही.

टप्पा ३: दिवस आणि तास धरा

सगळ्यात जास्त मॉडेल इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबू.

क्लिअरमधलं सॉल्व्हंट उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो. हवेत ओल जास्त असेल तर गार पडलेल्या पृष्ठभागावर दव धरतं, ते ओल्या लॅकरमध्ये अडकतं आणि पांढुरकी झाक येते. आकड्यात सांगायचं तर हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तेव्हा दव साधारण २६ अंशांना पडतं. म्हणजे पृष्ठभाग चार अंशांनी गार झाला की काम बिघडलं, आणि लॅकर तेवढा गार सहज होतो. उलट मे महिन्यात हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर दवबिंदू बारा अंशांच्या आसपास असतो, झाक यायचा प्रश्नच नाही. पण तेव्हा थेंब नोझलपासून बॉडीपर्यंत पोचायच्या आतच अर्धा वाळतो आणि वाळूसारखा बसतो.

त्यामुळे स्वस्तातला एक डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या आणि ज्या खोलीत मारायचं त्याच खोलीत ठेवा. मोबाइलवर दिसणारा आकडा जिल्ह्याच्या ठिकाणचा असतो, तुमच्या खोलीचा नसतो. माझी हद्द अशी आहे: ६० टक्क्यांपर्यंत बिनधास्त, ६० ते ७० मध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) असलेला थिनर वापरून आणि थर पातळ ठेवून, ७० च्या वर लॅकर बंद.

ऋतूंप्रमाणे तास असे:

हिवाळा सगळ्यात चांगला. सकाळी दहा ते दुपारी एक. धुकं आणि दव ओसरलेलं असतं, हवा सुकी असते, ऊन कोवळं असतं. पण सकाळी आठ-दहा अंश असलेल्या खोलीत रात्रभर ठेवलेला कॅन थेट मारू नका. आतला दाब कमी असल्याने थेंब मोठे पडतात. कॅन कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं उभा ठेवा. पाणी एवढंच कोमट की त्यात हात आरामात राहावा.

उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ. नऊनंतर विषय सोडून द्या. आणि इथे एक फसवी गोष्ट आहे, ती म्हणजे कूलर. बाहेर हवा कोरडी ठाक असली तरी कूलर चालू असलेल्या खोलीत आर्द्रता ७० च्या वर सहज जाते, वर खसच्या किंवा लाकडी भुशाच्या जाळीतले कण त्याच वाऱ्यावर उडत येतात. "एवढ्या उन्हाळ्यात पांढरी झाक कशी आली?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा खिडकीत घरघरत असतं. कूलर रात्रीच बंद करून खोली उघडी टाका, मग सकाळी मारा.

पावसाळ्यात रंग द्या, डिकल लावा, बारीक कामं उरका, पण लॅकर क्लिअर शक्यतो पुढे ढकला. अगदीच अडलं तर उघडीप मिळालेल्या दिवशी दुपारी दोन ते चार हा सगळ्यात सुका वेळ असतो. संध्याकाळी दिव्याखाली मारू नका. पावसाळी किडे ट्यूबलाइटकडे येतात आणि ओल्या क्लिअरवर बसतात.

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघत असतं. गल्लीत थ्रेशर चालू असेल तर त्या दिवशी हात लावू नका. मग कापूस घरात येतो. ज्या खोलीत किंवा ओसरीत कापूस भरला आहे, तिच्या बाजूची खोलीसुद्धा या कामाला उपयोगाची नाही. एक तंतू साध्या डोळ्यांना दिसत नाही. काळ्या बॉडीवर क्लिअर बसला की तोच पांढऱ्या केसासारखा उठून दिसतो.

*सावधान:* स्प्रे कॅनला ५० अंशांच्या वर तापू द्यायचं नसतं, तसं कॅनवरच छापलेलं असतं. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये, मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान होतं. कॅन घराच्या आतल्या, सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.

टप्पा ४: जागा तयार करा

मोठं खोकं आडवं ठेवा, मागच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन बसवा, त्याची नळी खिडकीबाहेर काढा. फॅन भडक ओढणारा नको, नाहीतर खोलीतली सगळी धूळ तोच बॉडीवरून ओढून नेतो.

काम सुरू करायच्या अर्धा तास आधी जमीन ओल्या फडक्याने पुसा. मातीची जमीन असेल तर हलका सडा मारा. हे फक्त कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात सडा मारला तर उलट ओल वाढेल. पंखा बंद. अंगात लोकरीचं स्वेटर, टॉवेल, शाल असलं काही नको. हाफ बाहीचा सिंथेटिक शर्ट बरा.

झाकायला काहीतरी आधीच धुऊन वाळवून जवळ ठेवा. मोठं स्टीलचं गंज (पातेलं) किंवा प्लास्टिकचा डबा पालथा घातला की काम होतं. कडेखाली काडेपेटी सरकवा, म्हणजे आतली वाफ निघून जाते. कोट मारून झाल्यावर डबा शोधत फिराल तेवढ्यात चार कण बसलेले असतात.

*सावधान:* लॅकरची वाफ पेट घेते. त्याच खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, चूल किंवा गॅस चालू नको. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. तो नसेल तर लॅकर सोडा आणि एक्स-२२ वापरा, तोही खिडकी उघडून.

टप्पा ५: बॉडी तयार करा

क्लिअर काहीही झाकत नाही. खालचा ओरखडा, कण, बोटाचा ठसा, सगळं भिंगाखाली ठेवल्यासारखं मोठं करून दाखवतो. म्हणून या टप्प्याला फवारणीपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो.

आधी खालचा रंग वाळला का ते बघा. नाक बॉडीजवळ नेऊन वास घ्या. थिनरचा वास येत असेल तर वाळलेला नाही, मग स्पर्शाला कितीही कोरडा लागो. लॅकर रंगाला एक-दोन दिवस, ॲक्रिलिकला दोन-तीन, इनॅमलला आठवडा किंवा जास्त.

साध्या रंगावर कण बसले असतील तर ३००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात हलकेच काढा. मेटॅलिक रंगावर पेपर लावू नका. रंगातले धातूचे कण घासले जातात आणि तिथे कायमचा डाग राहतो. मेटॅलिकवर कण बसला असेल तर आधी एक थर क्लिअर द्या, तो वाळू द्या, मग त्या क्लिअरवर घासा. आरशासारखा क्रोम रंग दिलेला भाग असेल तर तो झाकून ठेवा. क्रोमवर क्लिअर गेला की तो साधा चंदेरी होऊन बसतो.

डिकल लावले असतील तर किमान एक पूर्ण दिवस थांबा, मार्क सॉफ्टर (डिकल मऊ करणारं द्रव) वापरलं असेल तर दोन दिवस. डिकलखाली पाणी राहिलं आणि वर लॅकर बसला तर महिन्याभराने तिथे फुगा येतो. डिकलच्या आजूबाजूचा वाळलेला डिंक ओल्या बोळ्याने पुसून घ्या, नाहीतर क्लिअरखाली पिवळट कडं दिसतं.

मग बॉडी धुवा. पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, थेंब वाळला की पांढरी चकती राहते आणि क्लिअरखाली गेली की ती निघत नाही. शेवटचं खळखळणं आरओच्या कॅनच्या पाण्याने करा. वाळवायला फडकं वापरू नका, झटकून उभी ठेवा. कोरड्या हवेत प्लास्टिक फडक्याने पुसलं की त्यात वीज भरते आणि खोलीतला प्रत्येक तंतू तिकडे ओढला जातो. हिवाळ्यात हे फार जाणवतं.

इथून पुढे बॉडीला उघडं बोट लागता कामा नये. खोबरेल लावलेल्या डोक्यावरून हात फिरला आणि त्याच हाताने बॉनेट धरलं तर क्लिअर तिथे बसत नाही, गोल खड्डे पडतात. डॅशबोर्ड पॉलिशमधल्या सिलिकॉनचंही तेच. हातमोजे घाला. बॉडी आतून डबल टेपने औषधाच्या रिकाम्या बाटलीवर घट्ट बसवा, म्हणजे बाटली धरून बॉडी कशीही फिरवता येते.

*तपासा:* ट्यूबलाइटच्या उजेडात बॉडी तिरपी धरून हळू फिरवा. समोरून पाहिलं तर काही दिसत नाही, तिरपं पाहिलं तर सगळं दिसतं. जे दिसेल ते आत्ताच काढा.

टप्पा ६: मिश्रण आणि चाचणी

स्प्रे कॅन असेल तर दोन मिनिटं हलवणं, एवढंच.

एअरब्रशसाठी: जीएक्स१०० आणि मिस्टर लेव्हलिंग थिनर निम्मे-निम्मे. शेवटच्या ओल्या थराला थिनर थोडा वाढवा, एकास दीड. या थिनरमध्ये रिटार्डर आधीच असतो, तो वाळणं लांबवतो आणि थराला सपाट व्हायला वेळ देतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हाच थिनर उपयोगी पडतो. एक्स-२२ ला टामियाचा एक्स-२०ए चालतो, पण लेव्हलिंग थिनरने तो जास्त सपाट बसतो. नोझल ०.३ मिमी, दाब १५ ते २० पीएसआय.

मिश्रण गाळून घ्या. बाटलीच्या तोंडाशी वाळलेली खपली हाच पहिला कचरा असतो.

चाचणीला पूर्वी सगळे आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे वापरायचे. १ जुलै २०२२ पासून त्यांच्यावर देशभर बंदी आहे. तशीही किटमधलीच उरलेली सुटी वस्तू, जास्तीचं बॉनेट किंवा रुंद रनर (भाग जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट), जास्त खरी चाचणी देते, कारण प्लास्टिक तेच असतं. त्यावर तोच प्रायमर, तोच रंग, तेच एक नको असलेलं डिकल लावा आणि आधी त्यावर मारा. हा तुकडा टाकू नका, पुढे वाळण्याच्या टप्प्यावर लागणार आहे.

*तपासा:* कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं का? पावसाळ्यात टाकी उघडली की चक्क पाणी गळतं. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी वाटी) रिकामा आहे का? आणि लाईन जायची वेळ तर जवळ आली नाही ना? तीन लिटरच्या टाकीत उरलेल्या हवेवर जेमतेम एखादी बाजू होते.

टप्पा ७: फवारणी

अंतर: कॅनला १५ ते २० सेमी, एअरब्रशला ८ ते १० सेमी.

पहिले दोन थर धुक्यासारखे. बॉडी ओली दिसता कामा नये, बारीक दाणे पडल्यासारखी दिसली पाहिजे. हे बघून घाबरून लगेच जास्त मारायचा मोह होतो, तिथेच डिकल जातं. या कोरड्या थरांचं काम चकाकी आणणं नाही. पुढच्या ओल्या थराचं सॉल्व्हंट डिकलपर्यंत आणि खालच्या रंगापर्यंत पोचू नये म्हणून ते मध्ये बसतात. टीएस-१३ जहाल असल्याने त्याच्याखाली हे दोन थर चुकवायचेच नाहीत. प्रत्येकानंतर पंधरा मिनिटं थांबा, बॉडी झाकून.

मग ओले थर. क्रम नेहमी अवघड जागेपासून: खिडक्यांच्या दांड्या, दारांच्या फटी, बंपरखालच्या खाचा. इथे आधी हलकं मारून घ्या. मग छत, बॉनेट, डिकी. मग एक बाजू, दुसरी बाजू, शेवटी पुढचा आणि मागचा भाग. उलट क्रमाने गेलं तर खाचा भरण्यासाठी शेवटी वळावं लागतं आणि आधीच ओल्या असलेल्या बाजूंवर ओघळ येतो.

फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करा, सरळ पार करा, बाहेर गेल्यावरच बंद करा. बॉडीवर असताना नोझल दाबलं किंवा सोडलं की तिथे मोठा थेंब पडतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा. मनगट वळवू नका, कोपरापासून पूर्ण हात सरकवा.

डोळा नोझलवर ठेवू नका, बॉडीवर पडलेल्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबावर ठेवा. फवारा जातो तेव्हा प्रतिबिंबाची कड आधी तुटक असते, मग क्षणभरात जुळून एक सरळ रेघ होते. जुळली की पुढे सरका. तुटकच राहिली तर हात फार वेगात आहे किंवा अंतर जास्त आहे, आणि थर संत्र्याच्या सालीसारखा बसणार. रेघ जुळून पुन्हा जाड होऊन हलायला लागली तर पुढच्या सेकंदाला ओघळ आहे. तिथून नोझल काढा आणि बाटली आडवी फिरवत राहा.

ओले थर दोन, मध्ये अर्धा तास. शेवटचा थर हवा तसा सपाट बसला तर तिथेच सोडा. "अजून एक हात" हा कोट नंतर पेपर घेऊन काढावा लागतो. डिकलसाठीच्या ग्लॉसला दोन धुक्याचे आणि एक ओलसर, बस्स.

मास्किंग टेप लावला असेल तर शेवटच्या थरानंतर दहा-पंधरा मिनिटांत, क्लिअर मऊ असतानाच काढा. टेप मागे दुमडून, पृष्ठभागाला चिकटूनच ओढा. पूर्ण वाळल्यावर काढला तर कडेचा क्लिअर कपचा होऊन निघतो.

*सावधान:* ओल्या थरावर कण किंवा किडा बसला तर हात घालू नका. अगदी वर तरंगत असेल आणि हात स्थिर असेल तरच टोकदार चिमट्याने उचला. नाहीतर वाळू द्या, नंतर घासून काढता येतो. बोटाने काढायला गेलं की एका कणाच्या जागी पूर्ण बॉनेट जातं.

टप्पा ८: वाळू द्या, आणि उन्हात ठेवू नका

लवकर वाळावं म्हणून बॉडी गच्चीवर ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. पापड वाळतात, मॉडेल वाळत नाही. उन्हात वरची साय आधी धरते, खालचं सॉल्व्हंट अडकतं आणि बाहेर पडताना टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे सोडतं. शिवाय गडद रंगाची बॉडी मे महिन्याच्या उन्हात हात लावू देत नाही एवढी तापते, आणि पातळ खिडकीच्या दांड्या वाकायला लागतात.

पहिले दोन तास झाकलेल्या गंजाखाली, काडेपेटी तशीच. मग सावलीत, धूळ नसलेल्या कपाटात, तिथेही कडा थोडी उघडी. लॅकरला किमान एक आठवडा, जाड थर असेल तर दोन. एक्स-२२ ला दोन आठवडे धरा. पावसाळ्यात सगळ्याला आणखी.

*तपासा:* इथे तो चाचणीचा तुकडा लागतो. बॉडीला कधीही नख लावू नका, तुकड्याला लावा. नखाचा ठसा उमटला तर थांबा. ठसा नाही आणि वासही नाही, तर पुढे चला.

टप्पा ९: घासणं आणि पॉलिश

आधी बघा, खरंच गरज आहे का. सपाट बसलेल्या कोटाला नुसतं शेवटचं पॉलिश पुरतं, आणि जेवढं कमी घासाल तेवढी कड जाण्याची भीती कमी.

गरज असेल तर सगळ्या उभट कडांना, बॉनेटच्या घडीला, चाकांच्या कमानींना मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा. क्लिअर ओला असताना कडेवरून खाली उतरतो, त्यामुळे कडेवर तो सगळ्यात पातळ असतो आणि तिथेच पेपर आधी खालच्या रंगाला लागतो.

२००० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करा, पाण्यात लिक्विडचा थेंब, दाब जवळपास शून्य. एकाच दिशेने, पाच-सहा हात मारून पुसून बघा. चमकणारे ठिपके म्हणजे अजून खोलगट जागा शिल्लक आहे, सगळीकडे एकसारखं मंद दिसलं की झालं. पाणी रंगीत व्हायला लागलं तर क्लिअर संपला, त्याच क्षणी थांबा. मग ३०००, मागच्या दिशेच्या आडवं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं.

मग कंपाऊंड. टामियाचं लाल टोपीचं कोर्स, निळ्या टोपीचं फाइन, पांढऱ्या टोपीचं फिनिश, याच क्रमाने आणि प्रत्येकाला वेगळं मायक्रोफायबर कापड. एकच कापड तिन्हींना वापरलं तर पांढऱ्या टोपीचं काम करताना लाल टोपीचे कण ओरखडे काढत राहतात. गॅरेजमधलं रबिंग कंपाऊंड खऱ्या गाडीच्या जाडीसाठी असतं, इथे ते क्लिअर खाऊन टाकतं. दारांच्या फटीत अडकलेलं पांढरं कंपाऊंड ओल्या दातकोरणीने काढा.

शेवटी टेप काढून कडा फक्त फिनिशने, बोटाने, हलक्या हाताने. वॅक्स लावायचं असेल तर सगळं रंगकाम, सगळे डिकल संपल्यावरच.

बिघडलं असेल तर

पांढरी झाक: घासू नका. सुक्या दिवशी नुसता लेव्हलिंग थिनर धुक्यासारखा मारा. वरचा थर किंचित विरघळून अडकलेली ओल सोडतो आणि झाक बहुतेक वेळा जाते. हा उपाय लॅकरवरच.

ओघळ: हात लावू नका. जाड भाग आतून ओला असतो, त्याला दोन आठवडे द्या. मग १५०० चा पेपर सपाट, कडक ठोकळ्यावर गुंडाळून फक्त उंच भाग काढा, पुढे २००० पासून नेहमीचा क्रम. बोटावर पेपर धरला तर ओघळाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात.

वाळूसारखा खरखरीत थर: ३००० ने गुळगुळीत करा, धुवा, सकाळच्या वेळी एक ओला थर द्या.

गोल खड्डे: तिथे क्लिअर भरत बसू नका, तेल खालीच आहे. वाळल्यावर २००० ने खड्डा सपाट करा, लिक्विडने धुवा, दोन-तीन धुक्याचे थर देऊन मग ओला.

सुरकुतलेला रंग किंवा चरचरलेलं डिकल: यावर वरून काही उपाय नाही. उतरवावं लागतं. एक्स-२२ आयसोप्रोपिल अल्कोहोलने उतरतो. लॅकरसाठी ब्रेक ऑइल वापरतात, पण आधी त्याच किटच्या रनरचा तुकडा रात्रभर बुडवून बघा. तुकडा तसाच कडक राहिला तरच बॉडी घाला. ब्रेक ऑइल हाताला लागू देऊ नका आणि वापरलेलं ऑइल नालीत किंवा वावरात ओतू नका, बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे वेगळंच द्या, जुन्या इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका.

तयार झालेलं मॉडेल पहिले दोन-तीन महिने बबल रॅपमध्ये गुंडाळू नका. क्लिअर वरून कडक वाटला तरी बुडबुड्यांचे गोल ठसे त्यावर उमटतात. कुठे न्यायचंच असेल तर चाकांवर किंवा बॉडीच्या आतल्या बाजूने खोक्याला बांधा, बाहेरच्या बाजूला काहीच टेकता कामा नये.